भूविज्ञानातले गणित आणि आपल्या विहिरींचे नकाशे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा राज्यातील भूजल पातळीचे रंगीत नकाशे आपल्या व इतर दैनिकांत छापून येतात. अमुक तालुक्यात पाणी एक ते दोन मीटरने खाली गेले, तमुक तालुक्यात थोडे वर आले, असा तपशील त्याखाली असतो. लाल, पिवळा आणि निळा हे रंग नकाशावर इतके सलग पसरलेले असतात की जणू प्रत्येक शिवारात जाऊन कोणी दोरी सोडून पाणी मोजले आहे, असा वाचणाऱ्याचा समज व्हावा. प्रत्यक्षात मोजणी काही ठरावीक विहिरींतच होते आणि मधल्या सगळ्या प्रदेशाचा रंग हिशेबाने भरलेला असतो. तो हिशेब कोणत्या रीतीने केला आणि त्याचा भरवसा किती, हा प्रश्न मी पाहिलेल्या एकाही नकाशाखाली उपस्थित केलेला नव्हता. हाच प्रश्न ज्यांनी आपला व्यवसाय मानला अशा लोकांची, गणिती भूविज्ञानाची, एक आंतरराष्ट्रीय संघटना अर्ध्या शतकाहून अधिक काळ काम करते आहे. मराठी वाचकांना तिची ओळख व्हावी आणि तिच्याकडून आपण काय घ्यावे याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी आपल्याच विहिरींविषयी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यात साडेतीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतील पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत, मोजली जाते. इतक्या सातत्याने जमवलेली नोंदमाला ही मोठी संपत्ती आहे आणि ती जमवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र राज्याचे क्षेत्रफळ तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. साधा भागाकार केला तरी एका विहिरीच्या वाट्याला साधारण ऐंशी चौरस किलोमीटर प्रदेश येतो, आणि एवढ्या प्रदेशात आपल्याकडे सहज दहा-पंधरा गावे बसतात.

प्रदेश एकजिनसी असता तर हेही चालून गेले असते. पण महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या या खडकात पाणी सर्वत्र सारखे मुरत नाही आणि सारखे साठतही नाही. वरचा मुरूम, त्याखालचा सांधेफुटीचा भाग, कोठे मांजऱ्या खडक, कोठे दोन थरांमधली लाल मातीची पट्टी, तर कोठे घट्ट पाषाण, असा सारा प्रकार आहे. एका बांधावरची विहीर मे महिन्यातही उपसा देते आणि दोनशे पावलांवरची दुसरी फेब्रुवारीतच तळ दाखवते, हे खेड्यातल्या कोणालाही माहीत आहे. मग ऐंशी चौरस किलोमीटरांत एक विहीर मोजून मधल्या गावांचा रंग ठरवायचा तो कशाच्या आधारावर?

हा प्रश्न पहिल्यांदा निकराने विचारला गेला तो पाण्याच्या नव्हे, सोन्याच्या बाबतीत. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या खाणींत डॅनी क्रिग नावाचे अभियंते काम करीत होते. खडकाचे नमुने तपासून ज्या पट्ट्यात भरपूर सोने असल्याचा अंदाज बांधला जाई तेथे खोदल्यावर अपेक्षेपेक्षा कमी सोने मिळे, आणि ज्या पट्ट्यांना कमी प्रतीचे म्हणून सोडले होते ते अंदाजापेक्षा बरे निघत. यात कोणाची लबाडी नव्हती. थोड्या नमुन्यांवरून काढलेला मोठा आकडा अंशतः योगायोगाने मोठा आलेला असतो, ही संख्याशास्त्रातील जुनी गोष्ट येथे खाणीच्या नफ्या-तोट्यात उतरली होती. क्रिग यांनी १९५१ साली यावर उपाय मांडला. प्रत्येक पट्ट्याचा अंदाज त्याच्या स्वतःच्या नमुन्यांवर न सोडता आजूबाजूच्या नमुन्यांना योग्य वजन देऊन सुधारावा, असा तो उपाय होता.

हे योग्य वजन कोणते, याचा सिद्धांत फ्रान्समध्ये जॉर्ज माथेराँ यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी रचला. दोन ठिकाणांमधील अंतर वाढत गेले की त्यांच्या मोजमापांतला फरक कसा वाढत जातो हे आधी प्रत्यक्ष आकड्यांवरून पाहायचे. या आलेखाला व्हेरिओग्राम म्हणतात. त्यावरून अज्ञात ठिकाणाचा असा अंदाज काढायचा की त्याची अपेक्षित चूक शक्य तितकी कमी असेल, आणि ती चूक किती असेल तेही त्याच गणितातून सांगायचे. माथेराँ यांनी क्रिग यांच्या सन्मानार्थ या पद्धतीला त्यांचेच नाव दिले. आज जगभर तिला क्रिगिंग म्हणतात. कोणताही संगणक चार ठिपक्यांमधून रंगीत पट्टे ओढून देतोच, परंतु येथे अंदाजाबरोबर त्याच्या चुकीचा अदमासही हाती येतो आणि या पद्धतीचे खरे मोल माझ्या मते त्यातच आहे.

या कथेत एक गंमत आहे. जवळजवळ हेच गणित त्याच काळात आणखी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडले गेले. स्वीडनमध्ये बेर्टिल मातेर्न यांनी जंगलांच्या मोजणीसाठी १९६० साली आपला प्रबंध लिहिला, आणि लेनिनग्राडमध्ये लेव गांदिन यांनी हवामानाच्या नकाशांसाठी १९६३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाने झाडे मोजली, दुसऱ्याने वायुदाब आणि तिसऱ्याने खनिज. समीकरणे मात्र एकाच कुळातली होती. भाषा निराळ्या होत्या, व्यवसाय निराळे होते आणि युरोपच्या मधोमध पोलादी पडदाही होता. तिघांना एका टेबलाशी बसवणारी जागा असती तर किती श्रम वाचले असते, असे कोणालाही वाटेल.

तशी जागा १९६८च्या ऑगस्टमध्ये झाली, आणि तीही प्रागमध्ये. तेविसावी आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद तेथे भरली होती आणि त्याच आठवड्यात, २० ऑगस्टच्या रात्री, सोव्हिएत नेतृत्वाखालील फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. परिषद आटोपती घ्यावी लागली. रस्त्यांवर रणगाडे असताना गणिती भूविज्ञानाच्या या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद लेनिनग्राडचे आंद्रेई विस्टेलियस यांच्याकडे देण्यात आले. ज्या देशाच्या फौजा शहरात आल्या होत्या त्याच देशाच्या शास्त्रज्ञाला इतरांनी आपला अध्यक्ष मानले, कारण खडकांच्या थरांचा क्रम संभाव्यताशास्त्राने अभ्यासण्याचे काम त्यांनी १९४०च्या दशकातच सुरू केले होते. स्वीडनमध्ये काम करणारे रिचर्ड रेमेंट आणि अमेरिकेतील कॅन्सास राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील डॅनियल मेरियम हे या उभारणीतील आणखी दोन प्रमुख. भूवैज्ञानिकांची जागतिक संघटना आणि संख्याशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था या दोघींशी हिने आपले नाते जोडून घेतले. एका पायाने दोन घरांत उभे राहणे ही एरवी निंदेची गोष्ट, पण या संघटनेचे सारे प्रयोजनच त्यात होते.

संघटनेने पुढे काय केले याची जंत्री देण्याचे कारण नाही. १९६९ साली तिचे संशोधनपत्र, म्हणजे नियतकालिक, निघाले आणि १९७५ साली संगणक व भूविज्ञान या विषयाचे दुसरे. पहिल्याच्या नावात पूर्वी केवळ भूशास्त्र होते. २००८ पासून त्याचे नाव व्यापक करण्यात आले, कारण तोवर पाणी, समुद्र, हवामान आणि उपग्रहांची चित्रे हे सारेच विषय याच गणिताच्या कक्षेत आले होते. दरवर्षी एक नामवंत व्याख्याता नेमून त्याला निरनिराळ्या देशांतील संस्थांमध्ये बोलण्यास पाठवणे, विद्यार्थ्यांच्या शाखा चालवणे, तरुण संशोधकांना अनुदान देणे ही तिची नेहमीची कामे. ज्येष्ठांसाठीचे पदक विल्यम क्रुंबाइन यांच्या नावाने दिले जाते. वाळूच्या कणांचा आकार मोजण्यासाठी त्यांनी १९३४ साली सुचवलेली लॉगॅरिदमवर आधारलेली मोजपट्टी आपल्याकडील भूशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी आजही वापरतो, बहुधा त्यांचे नाव न ऐकताच.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती या संघटनेची भांडण्याची रीत. १९८६ साली फिलिप आणि वॉटसन या दोन अभ्यासकांनी माथेराँ यांच्या भूसांख्यिकीवर, म्हणजे ज्या पद्धतीवर अनेक सभासदांची पोटे चालत होती तिच्यावरच, संघटनेच्या संशोधनपत्रात सडकून टीका केली. ही पद्धत चालली आहे तरी कोठे, असा प्रश्न त्यांनी लॅटिन भाषेत आपल्या लेखाच्या मथळ्यातच विचारला होता. यांतले डेव्हिड वॉटसन म्हणजे संगणकीय भूमितीच्या पुस्तकांत बोयर-वॉटसन या जोडनावाने भेटणारे गृहस्थच. उत्तरेही त्याच वर्षी त्याच संशोधनपत्रात छापून आली आणि त्यांतल्या एकाने लॅटिनला लॅटिननेच उत्तर दिले. कोण बरोबर होते याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मात्र एखादी पद्धत वापरणाऱ्यांच्याच घरात तिची उलटतपासणी व्हावी आणि ती छापली जावी, हे आरोग्याचे लक्षण आहे. आपल्याकडे सरकारी प्रारूपावर, म्हणजे अंदाजाच्या गणिती मांडणीवर, शंका घेतली की ती खात्यावरची टीका समजली जाते आणि तेथेच चर्चा थांबते.

भूवैज्ञानिक आणि गणिती एकमेकांना का हवेत, याचे एक उदाहरण जरा विस्ताराने देतो, कारण त्याचा संबंध आपल्या दख्खनच्या पाषाणाशीही पोचतो. खडकाचे रासायनिक पृथक्करण केले की त्यातील घटक शेकड्यात मांडतात. आपल्या बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते आणि उरलेल्यात ॲल्युमिना, लोह, चुना, मॅग्नेशिया वगैरे. बेरीज अर्थातच शंभर. आता असे शंभरएक नमुने घेऊन कोणी सिलिका आणि मॅग्नेशिया यांचा सहसंबंध, म्हणजे एक बदलला की दुसरा कितपत बदलतो याचे माप, काढला आणि तो ऋण आला, म्हणजे एक वाढताना दुसरा घटतो असे दिसले, तर लाव्हा थंड होताना काय घडले याचा पुरावा मिळाला असे वाटते. पण बेरीज शंभरच राहायची असेल तर एक घटक वाढल्यावर दुसरा कोणतातरी घटलाच पाहिजे. दोनच घटक असते तर सहसंबंध उणे एकच आला असता, मग खडक कोणताही असो. घटक दहा असले तरी हे बंधन सुटत नाही, फक्त ते अनेकांत विभागले जाते आणि म्हणून डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा हाती आलेला ऋण सहसंबंध लाव्हाने दिला की शंभराच्या बेरजेने, हे नुसत्या आकड्याकडे पाहून सांगता येत नाही.

संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअर्सन यांनी गुणोत्तरांच्या अशा फसव्या सहसंबंधांविषयी १८९७ सालीच सावध केले होते. खडकांच्या अभ्यासात हा धोका नेमका कोठे दडला आहे हे फेलिक्स चेझ या शिलाशास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास दाखवून दिले. उत्तर मात्र त्यांना मिळाले नाही. ते दिले जॉन एचिसन या स्कॉटिश संख्याशास्त्रज्ञाने, १९८०च्या दशकात. शेकड्यांकडे सुटे आकडे म्हणून पाहूच नका, घटकांची एकमेकांशी गुणोत्तरे घ्या आणि त्यांच्या लॉगॅरिदमवर काम करा, असे त्यांनी सुचवले. प्रश्न शिलाशास्त्रज्ञाचा आणि उत्तर संख्याशास्त्रज्ञाचे, आणि दोन्हींच्या मध्ये वीसएक वर्षे. या संघटनेने विषय धरून ठेवला नसता तर ही वर्षे आणखी वाढली असती, असे मला वाटते. आजही मृदा परीक्षणाच्या आणि भूरसायनशास्त्राच्या कित्येक अहवालांत शेकड्यांचे थेट सहसंबंध तक्त्यात मांडलेले आढळतात. मी स्वतः आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. त्या इमारतीत भूशास्त्र विभाग एक मजला खाली होता. पदवीच्या परीक्षेसाठी दोन्ही विभागांतील मुले एकाच जिन्याने चढउतार करीत. विषयांनी मात्र तो जिना कधी वापरला नाही.

हे गणित परदेशी आहे आणि आपल्याला नवे आहे, असे कोणी म्हणू नये. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ साली भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून सिमल्यास आले आणि दोन दशके जगभरच्या वायुदाबाच्या व तापमानाच्या नोंदींतून मान्सूनचा अंदाज शोधत राहिले. दक्षिणी दोलनाचा, म्हणजे प्रशांत व हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाच्या झोक्याचा, शोध त्यातूनच लागला. विशेष म्हणजे शेकडो सहसंबंध काढून त्यांतला सर्वांत मोठा उचलला तर तो केवळ योगायोगाने मोठा असू शकतो, हा इशारा त्यांनी १९१४ सालीच दिला होता. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीही १९२०च्या दशकात उत्तर बंगाल आणि ओडिशातील पुरांच्या नोंदी संख्याशास्त्राने तपासल्या. ओडिशात नदीचे पात्र उंचावल्यामुळे पूर वाढले, हा अभियंत्यांचा तेव्हाचा समज त्यांनी आकड्यांनिशी खोडून काढला आणि नदीच्या वरच्या खोऱ्यात पडणाऱ्या जादा पावसाकडे बोट दाखवले. केवळ समजावर विसंबून बंधारे उंचावण्यात जो पैसा गेला असता, तो एका गणितीने नोंदी वाचल्यामुळे वाचला.

आणि आपले डॉ. वसंत गोवारीकर. त्यांच्या पुढाकाराने १९८८ पासून सोळा घटकांवर आधारलेले मान्सूनचे प्रारूप वापरात आले आणि अनेक वर्षे ‘सोळा निकष’ हा शब्दप्रयोग मराठी घराघरांत रुळला. पुढे २००२ साली सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात पाऊस ८१ टक्क्यांवरच थांबला. त्या वर्षीचा कोरडा जुलै शेतकरी विसरलेले नाहीत. त्यावेळी वृत्तपत्रांतून जी टिंगल झाली ती मला अन्यायाची वाटली होती आणि आजही वाटते. अंदाजासोबत कमी-अधिक चार टक्के अशी चुकीची मर्यादा तरी स्पष्टपणे छापलेली होती, म्हणूनच तो चुकला हे आपण खात्रीने म्हणू शकलो. त्या प्रारूपाच्या उणिवांची चर्चा व्हायला हवी होती ती वेगळ्या मुद्द्यावर. मोजक्या वर्षांच्या नोंदींतून सोळा घटकांचे गुणांक काढले की भूतकाळ छान जुळतो आणि भविष्यकाळ हातातून निसटतो, हा वॉकर यांच्या इशाऱ्याचाच भाऊबंद. २००३ पासून हवामान खात्याने नवी आणि कमी घटकांची प्रारूपे घेतली, तेव्हा हा धडा खात्याने मनावर घेतला असे मानायला जागा आहे.

आजही या क्षेत्रात भारतीय नावे आहेत. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बंगळूर केंद्रातील बी. एस. दया सागर यांना २०११ साली या संघटनेने माथेराँ यांच्या नावाच्या व्याख्यानाचा मान दिला. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये तिची वार्षिक परिषद नवी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात भरली होती. २०१८ साली चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे तिने पन्नाशी साजरी केली आणि २०२३ साली या विषयाचा जो विश्वकोश निघाला त्याच्या संपादकांतही दया सागर आहेत. महाराष्ट्राकडे पाहिले तर साहित्य कमी नाही. पुण्यात भूजल यंत्रणेचे मुख्यालय आहे, उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था आहे, खडकवासल्यास जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे आणि विद्यापीठात भूशास्त्र व संख्याशास्त्र हे दोन्ही विभाग जुने व नावाजलेले आहेत. नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आहे. पवईच्या आयआयटीत भूविज्ञानाचा विभाग आहे, कराडला कोयना परिसरातील खोल वेधनाचे संशोधन चालते आणि गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. एवढ्या संस्था एकमेकींपासून काही तासांच्या अंतरावर असणारा प्रदेश देशात फार नसेल.

उणीव आहे ती त्यांच्यातील गणित जाणणाऱ्यांनी आणि खडक जाणणाऱ्यांनी ठरवून, नियमाने आणि कोणत्याही प्रकल्पाच्या दडपणाविना एकत्र बसण्याची. प्रकल्पापुरती गाठभेट होते. पण प्रकल्पात उत्तर आधीच ठरलेल्या तारखेला द्यायचे असते आणि तेथे पद्धतीवर शंका घ्यायला कोणाला सवड नसते. त्यातून नुकसान होते ते केवळ शास्त्राचे नव्हे. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रमुख खनिजांचे खाणपट्टे लिलावाने दिले जातात आणि बोली लावणारा व सरकार हे दोघेही जमिनीखाली किती खनिज आहे याच्या अंदाजावरच पैसे मांडतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. साठ्याचा एकच आकडा लिहायचा की त्याची खालची आणि वरची मर्यादाही लिहायची, यावर लोकांच्या महसुलातले कोट्यवधी रुपये अवलंबून असू शकतात.

गणित म्हणजे रामबाण, असे मात्र मला मुळीच सुचवायचे नाही. १९९७ साली इंडोनेशियातील बुसांग येथील ब्री-एक्स कंपनीचा सोन्याचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा साठ्याचे सारे हिशेब व्यवस्थित मांडलेले होते. नमुन्यांत सोने बाहेरून मिसळलेले होते, एवढेच. खोट्या नमुन्यावर कितीही शुद्ध गणित केले तरी उत्तर खोटेच येणार. खऱ्या नमुन्यांवरही गणित आंधळेपणाने चालवले तर फसगत होते. आपल्या विहिरींचेच पाहा. पाण्याची खोली जमिनीपासून मोजतात, पण जमीन स्वतःच डोंगर-दऱ्यांची आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरची एक विहीर आणि पायथ्याची एक विहीर यांच्या खोलीची सरासरी काढून मधल्या उतारावरच्या गावाला चिकटवली, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. आधी भूपृष्ठाची उंची हिशेबात घ्यावी लागते. एखादी डाइक, म्हणजे खडकाची उभी भिंत, दोन विहिरींच्या मधून गेलेली असेल तर अलीकडचे पाणी पलीकडच्या पाण्याविषयी काहीच सांगत नाही. क्रिगिंगने काढलेली चुकीची मर्यादादेखील विहिरींच्या मांडणीवरून आणि व्हेरिओग्रामवरून येते, ती भिंत तिला ठाऊक नसते. ती क्षेत्रावर पायी फिरलेल्या भूवैज्ञानिकालाच ठाऊक असते.

म्हणूनच दोघांनी एकत्र बसायला हवे. गावोगावी अजूनही पाणाड्याला बोलावून, हातावर नारळ ठेवून बोअरची जागा ठरवली जाते याबद्दल आपण शिकलेली माणसे हसतो. पण त्याने दाखवलेल्या दहा जागांपैकी किती ठिकाणी पाणी लागले याची वही कोणी ठेवत नाही हा जसा त्यातला दोष, तसाच आपल्या नकाशांत भरलेल्या रंगांपैकी किती खरे ठरले याचा ताळा न ठेवणे हाही दोषच आहे. हा ताळा घेणे अवघड नाही. एकेक निरीक्षण विहीर क्रमाने बाजूला ठेवायची, उरलेल्या विहिरींवरून तिच्या पातळीचा अंदाज काढायचा आणि तो तिच्या प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहायचा. साडेतीन हजार विहिरींसाठी हे काम आजचा साधा संगणकही सहज करतो. कोणत्या तालुक्यांत अंदाज विश्वसनीय आहे आणि कोणत्या तालुक्यांत नकाशाचा रंग निव्वळ सजावट आहे, हे त्यातून एका आठवड्यात कळेल. नवी निरीक्षण विहीर कोठे घ्यावी, याचेही उत्तर त्यातच मिळेल.

भूजल यंत्रणेला माझी विनंती एवढीच आहे की पातळीच्या प्रत्येक नकाशाबरोबर त्याच्या अनिश्चिततेचा जोडनकाशा प्रसिद्ध करावा आणि तो सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत समजावून द्यावा. संभाव्य टंचाईच्या याद्या करताना पाऊस आणि पातळी या दोन्हींचा आधार घेतला जातो. ज्या गावाचा आकडा शेजारच्या तालुक्यातील विहिरीवरून आला आहे त्या गावाला तसे सांगितले गेले तर ग्रामसभा स्वतःच्या विहिरी मोजून तो आकडा दुरुस्त करू शकेल. ज्या गावांत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची सवय आधीच लागली आहे, तेथे हे नक्कीच होईल. यामुळे यंत्रणेची पत कमी होईल, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटत असेल तर ती अनाठायी आहे. हवामान खाते आता पावसाच्या निरनिराळ्या शक्यता टक्क्यांत सांगते आणि शेतकरी त्या वाचतो.

विद्यापीठांकडे मागणी याहून मोठी आहे. भूशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला व्हेरिओग्राम, शेकड्यांच्या आकड्यांचे विश्लेषण आणि नमुना निवडीचे शास्त्र सक्तीने शिकवावे आणि ते संख्याशास्त्र विभागातील शिक्षकाने शिकवावे. उलट संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपला प्रकल्प परदेशी पाठ्यपुस्तकातल्या तयार आकड्यांवर न करता एखाद्या पाणलोटातील विहिरींच्या नोंदींवर करावा आणि त्या विहिरी स्वतः जाऊन पाहाव्यात. पुणे, नागपूर, मुंबई आणि गोवा येथील इच्छुकांनी मिळून एक छोटे मंडळ सुरू केले आणि प्रागमध्ये जन्मलेल्या त्या संघटनेची विद्यार्थी शाखा आपल्याकडे काढली, तर फिरत्या व्याख्यात्यालाही येथे बोलावता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि शासन निर्णयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. महिन्यातून एकदा एखाद्या विभागाची खोली आणि फळा मिळाला तरी पुरे. चर्चा मात्र मराठीतही व्हावी, कारण विहिरीची नोंद घेणारा कर्मचारी आणि ज्याची विहीर आहे तो शेतकरी या दोघांनाही तेथे बोलता आले पाहिजे. नोंद चुकीची कोठे होते, विहिरीचा उपसा चालू असतानाच फीत सोडली जाते का, हे त्यांच्याशिवाय दुसरे कोणीही सांगू शकणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी भूजलाचा नकाशा छापाल तेव्हा तो किती विहिरींवरून काढला, त्या कोणत्या महिन्यात मोजल्या आणि तुलना कोणत्या वर्षांच्या सरासरीशी केली, ही तीन वाक्ये त्याखाली अवश्य घालावीत, आणि अनिश्चिततेचा नकाशा आहे का, असे आपल्या वार्ताहराने यंत्रणेला विचारावे. एखाद्या दैनिकाने हे दोन-तीन वर्षे सातत्याने विचारले तर तो नकाशा तयार होऊ लागेल, असे मला वाटते. ऑक्टोबरच्या मोजणीनंतर राज्यभरचे आकडे हाती येतात. तेव्हापासूनच याची सुरुवात करता येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
पुणे